परिषद, लॉज आणि विसाराचे पैसे

(द्वितीय वर्ष कला)

चर्चासत्राचे निमंत्रणपत्र हाती आले की आपण प्रथम विषय वाचतो, मग बीजभाषण कोणाचे आहे ते पाहतो आणि मग निबंध पाठविण्याची अंतिम तारीख. पत्राच्या अगदी तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते : ‘निवासाची व्यवस्था प्रतिनिधींनी स्वतः करावयाची आहे. जवळच्या लॉजची यादी सोबत जोडली आहे.’ ही ओळ बहुतेक जण वाचून सोडून देतात. प्राध्यापकांना तिच्यात विशेष काही वाटत नसावे, कारण त्यांना प्रवासभत्ता मिळतो. (निदान मिळेल अशी आशा तरी असते.) विद्यार्थ्याला मात्र ते पैसे घरून आणावे लागतात. म्हणून माझ्या मते सबंध पत्रात पैशाच्या दृष्टीने महत्त्वाची ओळ तीच, आणि या लेखात तिच्याविषयीच लिहावयाचे आहे.

खोली राखून ठेवताना लॉजवाला जे पैसे मागतो त्यांना तो कधी ‘डिपॉझिट’ म्हणतो, कधी ‘ॲडव्हान्स’. आपणही दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण या शब्दांखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे आगाऊ भाडे. राहिल्यावर जे द्यावयाचे त्यातलेच काही आधी दिले, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी अनामत. टॉवेल हरवला, आरसा फुटला, वरचे जेवणाचे बिल राहिले तर त्यातून कापून घेण्यासाठी ठेवलेली आणि खोली सोडताना परत मिळावयाची रक्कम. मोठ्या हॉटेलात ही अनामत रोख घेत नाहीत. कार्डावर तेवढी रक्कम अडवून ठेवतात. ती कापली गेलेली नसते, पण आपल्याला वापरताही येत नाही. मोकळी होण्यास काही दिवस लागतात, आणि ज्याच्या खात्यात मोजकेच पैसे आहेत त्याची परगावी त्यामुळे चांगलीच पंचाईत होते.

तिसरी गोष्ट म्हणजे विसार. बैलबाजारात सौदा ठरला की घेणारा विकणाऱ्याच्या हातावर काही रुपये ठेवतो. तो केवळ किमतीचा हिस्सा नसतो. मी शब्द फिरवणार नाही, याची ती खूण असते. शब्द फिरवला तर विसार बुडाला, हे कधी शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असते. लॉजवाला ज्याला डिपॉझिट म्हणतो ते पुष्कळदा खरे म्हणजे विसार असते. घोटाळा होतो तो इथे. देणाऱ्याच्या मनात आगाऊ भाडे असते आणि घेणाऱ्याच्या मनात विसार.

हॉटेलवाल्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. किराणा दुकानातली साखर आज खपली नाही तर उद्या खपते. पण शुक्रवारच्या रात्रीची रिकामी खोली शनिवारी विकता येत नाही. ती रात्र गेली ती गेलीच. एस.टी.ची गाडी सुटल्यावर रिकाम्या सीटचे जे होते तेच हे. नोकरांचा पगार, वीज, पाणी, बँकेचा हप्ता हे सारे खोली भरली काय आणि न भरली काय, चालूच असते. म्हणून तारीख जवळ येत जाते तसतशी रद्द करण्याबद्दल कापावयाची रक्कम वाढत जाते. महिनाभर आधी कळविले तर दुसरे गिऱ्हाईक मिळण्यास वेळ असतो. आदल्या रात्री कळविले तर नसतो. कळवलेच नाही व गेलोही नाही तर बहुधा निदान एका रात्रीचे भाडे जाते, आणि आगाऊ पैसे पूर्ण भरले असतील तर कित्येक ठिकाणी सगळेच. काही हॉटेले दोन दर सांगतात : कमी दर, पण पैसे परत नाहीत, आणि थोडा जास्त दर, पण अमुक वेळेपर्यंत रद्द केल्यास परत. दोन्ही दर समोरासमोर ठेवले असतील तर मला यात अन्याय दिसत नाही. मधला फरक म्हणजे आपले मत बदलण्याच्या मोकळीकीची किंमत. एकच दर सांगून ‘परत नाही’ हे पावतीच्या मागच्या बाजूस छापावयाचे, ते मात्र निराळे.

परिषदेच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. मोठ्या परिषदेचे संयोजक हॉटेलशी आधीच बोलून खोल्यांचा गट राखून ठेवतात. दर थोडा कमी करून मिळतो, पण त्याबरोबर दोन अटी येतात. पहिली अशी की अमुक तारखेपर्यंत प्रतिनिधींनी नावे दिली नाहीत तर उरलेल्या खोल्या हॉटेल इतरांना देण्यास मोकळे. परिषदेच्या अलीकडे दोन-चार आठवड्यांची ही तारीख असते. ती उलटल्यावर तोच दर मागणाऱ्यास ‘आता शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते, आणि तो बिचारा संयोजकांना दोष देतो. दुसरी अट संयोजकांना जड जाणारी. समजा, पन्नास खोल्या राखल्या आणि त्यांपैकी शेकडा ऐंशी भरण्याची हमी दिली. म्हणजे चाळीस खोल्यांचे भाडे पक्के. प्रत्यक्षात बत्तीसच भरल्या तर उरलेल्या आठ खोल्यांचे भाडे संयोजकांनी आपल्या पदरचे भरावयाचे. आपण शेवटच्या दिवशी ‘येत नाही’ म्हणतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी छटा येते, तिचे कारण पुष्कळदा हे असते.

आता परिषदच झाली नाही तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकला २६ ते २८ मार्च २०२१ या तारखांना भरावयाचे होते. करोनामुळे ते पुढे ढकलले गेले आणि ३ ते ५ डिसेंबर २०२१ या दिवसांत झाले. अशा वेळी ज्यांनी मार्चच्या तारखांना परगावाहून खोल्या घेतल्या असतील, त्यांच्या पैशांचे काय व्हावयाचे?

आमच्यावर हाच प्रसंग गेल्या वर्षी लहान प्रमाणात आला. दुसऱ्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यार्थ्यांचे चर्चासत्र होते. आम्ही सहाजणी जाणार होतो. दोन खोल्या, दोन रात्री, खोलीला बाराशे रुपये. चार हजार आठशेपैकी निम्मे, म्हणजे दोन हजार चारशे रुपये, आगाऊ पाठवले. प्रत्येकीचे चारशे. चारशे रुपयांत काय होते असे कोणी म्हणेल. माझ्या आईला त्यासाठी दीड दिवस खुरपणी करावी लागते. सहा दिवस आधी चर्चासत्र पुढे ढकलल्याचा निरोप आला. पुढची तारीख आमच्या परीक्षेत येत होती. लॉजवर फोन केला, तर मालक म्हणाले, “ॲडव्हान्स परत मिळत नाही, पावतीवर लिहिलंय.” तसे खरेच लिहिले होते. संयोजकांनी सांगितले की निवासाशी आमचा संबंध नाही. तेही पत्रात लिहिलेले होते.

छापले म्हणजे ते कायदा झाले का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कायदा हा काही माझा विषय नव्हे. पण ग्रंथालयात १८७२ चा करार कायदा आहे, आणि त्याची गंमत अशी की पुष्कळ कलमांखाली लहान लहान उदाहरणे दिली आहेत. ती गोष्टींसारखी वाचता येतात. त्या उदाहरणांतून मी इंग्लंडातल्या एका जुन्या खटल्यापर्यंत गेले. तो आमच्या प्रश्नाच्या इतका जवळचा आहे की थोडा विस्ताराने सांगते.

१९०२ च्या जूनमध्ये लंडनला सातव्या एडवर्ड राजाचा राज्यारोहण समारंभ होता. २६ व २७ जूनला मिरवणुका निघणार होत्या. मिरवणुकीच्या मार्गावरील घरांच्या खिडक्यांना सोन्याचा भाव आला. पॅल मॅल या रस्त्यावर क्रेल नावाच्या गृहस्थांची जागा होती. हेन्री नावाच्या गृहस्थांनी ती त्या दोन दिवसांपुरती ७५ पौंडांना ठरवली. रात्री राहावयाचे नव्हते, फक्त दिवसा. २५ पौंड आगाऊ दिले. करारपत्रात मिरवणुकीचा शब्दसुद्धा नव्हता. २४ जूनला राजाच्या पोटाच्या दुखण्याने समारंभ लांबणीवर पडल्याचे जाहीर झाले. क्रेल म्हणाले, राहिलेले ५० पौंड द्या. जागा तयार आहे, येऊन बसा. हेन्री म्हणाले, रिकामा रस्ता पाहावयास कोण ७५ पौंड देतो? १९०३ साली अपील न्यायालयाने हेन्रींच्या बाजूने निकाल दिला. मिरवणूक हा त्या कराराचा पायाच होता, उभय पक्षांना तो ठाऊक होता, पाया गेला तसा करारही गेला. मात्र आधी दिलेले २५ पौंड क्रेल यांच्याकडेच राहिले, कारण हेन्रींनी अपिलात त्यांची मागणी सोडून दिली.

हे वाचून मला वाटले, झाले, आमचा प्रश्न सुटला! पण त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती व्हॉन विल्यम्स यांनी एक दाखला दिला आहे. डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी एप्समला जाण्यासाठी कोणी चढ्या भाड्याने गाडी ठरवली आणि शर्यत रद्द झाली, तर गाडीवाल्याचा करार मोडत नाही. एप्समला नेण्यासाठी त्याच गाडीत काही विशेष नव्हते; कोणतीही गाडी चालली असती. शर्यत हा प्रवाशाचा हेतू होता, पण कराराचा पाया नव्हता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या खटल्यात हटन नावाच्या माणसाने राजाची आरमार-पाहणी दाखविण्यासाठी आणि आरमाराभोवती फेरी मारण्यासाठी २५० पौंडांना बोट ठरवली होती. पाहणी रद्द झाली, पण आरमार समुद्रात उभेच होते, फेरी मारता येत होती. न्यायालयाने हटनला पैसे द्यावयास लावले.

तेव्हा परिषदेसाठी घेतलेली खोली ही क्रेलची खिडकी की एप्समची गाडी? माझे मत असे की साध्या लॉजची खोली बहुतेक वेळा गाडीसारखीच आहे. लॉजवाल्याला आपण परिषदेला आलो की मामेबहिणीच्या लग्नाला, याच्याशी कर्तव्य नसते. परंतु संयोजकांनी राखलेल्या गटातून, परिषदेचे नाव असलेल्या पत्रावर, परिषदेपुरत्या ठरलेल्या दराने खोली घेतली असेल तर परिषद दोघांच्याही मनात होती असे म्हणण्यास जागा आहे. आमच्याकडे असे काही पत्र नव्हते. लॉजच्या यादीतून नंबर घेऊन फोन केला होता, एवढेच.

आगाऊ पैशांच्या बाबतीत इंग्लंडचा कायदा तेव्हा फारच कठोर होता. १९०४ च्या एका खटल्यात मिरवणूक पाहण्याच्या जागेचे भाडे १४१ पौंड १५ शिलिंग ठरले होते. शंभर पौंड दिलेले. न्यायालय म्हणाले, शंभर परत नाहीतच, पण राहिलेलेही द्या, कारण ते रद्द होण्यापूर्वीच देणे झाले होते. हा नियम मोडण्यास दुसरे महायुद्ध यावे लागले. एका पोलिश कंपनीने यंत्रांसाठी एक हजार पौंड आगाऊ दिले होते. युद्धामुळे यंत्रे पाठवणे अशक्य झाले. १९४२ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ते हजार पौंड परत देवविले आणि पुढच्या वर्षी तिथे त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला.

आपल्याकडे मात्र ही सोय १८७२ पासूनच होती, आणि हे वाचून मला खरोखर नवल वाटले. कलम ५६ सांगते की करार झाल्यावर ती गोष्ट करणेच अशक्य झाले तर करार निरर्थक होतो. कलम ६५ सांगते की निरर्थक झालेल्या कराराखाली ज्याने लाभ घेतला असेल त्याने तो परत करावा किंवा भरपाई द्यावी. खालचे उदाहरण एका गायकाचे आहे. जलशात गाण्यासाठी त्याला एक हजार रुपये आगाऊ दिले आहेत, आणि तो आजारी पडल्यामुळे गाऊ शकत नाही. जलसा भरवणाऱ्याचा बुडालेला नफा त्याने भरून द्यावयाचा नाही, परंतु घेतलेले हजार रुपये परत द्यावयाचे. हॉटेलच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. सरकारी हुकमाने हॉटेलच बंद झाले, जसे २५ मार्च २०२० च्या टाळेबंदीत झाले, तर खोली देणे हॉटेलला अशक्य झाले. मग पावतीवर ‘परत नाही’ छापले असले तरी या दोन कलमांच्या आधारे आगाऊ पैसे मागता येतात.

आमचा लॉज उघडा होता. जाणार नव्हतो ते आम्ही. म्हणून आम्हाला लागू पडणारे कलम निराळे, ७४ वे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असे करारातच लिहिले असेल तर समोरच्याला ती सगळी रक्कम आपोआप मिळत नाही. त्या रकमेच्या मर्यादेत राहून वाजवी भरपाई तेवढी मिळते. लिहिलेला आकडा म्हणजे वरची मर्यादा.

यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. १९६९ च्या निकालात मौला बक्ष नावाच्या ठेकेदाराने लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी व मासळी पुरविण्याचे ठेके घेतले होते आणि १०,००० व ८,५०० रुपये अनामत ठेवली होती. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारने अनामत जप्त केली. न्यायालयाने म्हटले की माल दुसरीकडून घ्यावा लागला तर त्याचा भाव दाखवून नुकसान सिद्ध करता आले असते. ते केलेले नाही, तेव्हा पैसे ठेवून घेता येणार नाहीत. वाजवी विसार जप्त करण्यास मात्र त्या निकालाने हरकत घेतलेली नाही. २०१५ चा निकाल आणखी पुढे गेला. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या लिलावात एका कंपनीने ३ कोटी १२ लाखांची बोली केली होती व ७८ लाख विसार भरला होता. व्यवहार फिसकटला, प्राधिकरणाने विसार जप्त केला आणि पुढे तोच भूखंड ११ कोटी ७८ लाखांना विकला. न्यायालयाने विचारले, यात तुमचे नुकसान ते कोणते? ७८ लाख परत करावे लागले.

भूखंडाच्या लिलावाशी आमच्या दोन हजार चारशे रुपयांची तुलना करणे कोणाला हास्यास्पद वाटेल. पण प्रश्न अगदी तोच होता : त्या दोन रात्री आमच्या खोल्या रिकाम्या राहिल्या का? हे आम्हाला शोधावेही लागले नाही. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा मालकांनी आपणहून सांगितले, “त्या दोन दिवशी मोठी लग्नतिथी होती ताई, एक खोली शिल्लक नव्हती!” त्यात अभिमान होता. आम्ही पत्र लिहिले. सहाजणींच्या सह्या केल्या, पावतीची प्रत जोडली, कलमाचा आकडा घातला आणि नम्रपणे विचारले की खोल्या दुसऱ्यांना दिल्या गेल्या असताना आमचे पैसे कोणत्या नुकसानीपोटी ठेवले आहेत. वीस-बावीस दिवसांनी दोन हजार रुपये परत आले. चारशे त्यांनी लिहिण्यापुसण्याचा खर्च म्हणून ठेवले. आम्ही त्यावर वाद घातला नाही. काही खर्च त्यांनाही झाला असेल, आणि अशा व्यवहारात थोडेसे सोडणे मला रास्त वाटते. खोल्या रिकाम्या राहिल्या असत्या तर बहुधा आम्हाला काहीच मिळाले नसते, आणि तेही बरोबरच झाले असते.

पत्राने काम झाले नसते तर ग्राहक आयोग होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ म्हणून एक व्याख्या आहे. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट आणि उघडउघड जादा अनामत मागणारी अट या दोन्ही तिच्यात येतात. मात्र करारच अनुचित आहे अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे करावी लागते. सेवेतील त्रुटीची किंवा पावती न देण्यासारख्या अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालते. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, हे या कायद्याने दिलेले मोठे सुख. लॉजच्या गावी तारखांना जावयाचे म्हणजे पुन्हा लॉजमध्येच उतरावे लागले असते! पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करून आधी सल्लाही मिळतो.

काही बारीक गोष्टी राहिल्या त्या सांगते. ‘४८ तास आधी’ याचा अर्थ दोन दिवस आधीची रात्र असा नव्हे. खोली शुक्रवारी दुपारी बाराला मिळावयाची असेल तर बुधवारी दुपारी बाराला मुदत संपते. बुधवारी संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर फोन करणारा सहा तासांनी चुकतो. परदेशातील परिषदेस जाणाऱ्या आमच्या सरांनी सांगितले की तिथे ही वेळ हॉटेलच्या गावच्या घड्याळाने मोजतात. पैसे ज्याने भरले त्यालाच परत येतात. विभागाने किंवा संयोजकांनी भरले असतील तर हॉटेलशी भांडून उपयोग नाही, त्यांच्याकडे मागावे. एखादीला अचानक जाता येत नसेल तर खोली रद्द करण्याऐवजी दुसरीचे नाव घालून देता येते का ते आधी विचारावे. पुष्कळ ठिकाणी त्याला काही पडत नाही. आणि फोनवर रद्द केले तरी लगेच दोन ओळींचा संदेश पाठवून ठेवावा, म्हणजे तारीख व वेळ लेखी राहते. आमच्या पावतीवर तारीख, खोल्यांची संख्या व रक्कम तिन्ही होती, कारण आमच्यातली एक मुलगी किराणा दुकानदाराची आहे आणि ती पावती पाहिल्याशिवाय कोणाला पैसे देत नाही.

आपल्या महाविद्यालयातही चर्चासत्रे होतात आणि बाहेरगावचे विद्यार्थी येतात. तेव्हा निमंत्रणपत्राच्या त्या शेवटच्या ओळीपुढे आणखी दोन ओळी छापाव्यात असे मी विभागप्रमुखांना लिहून दिले आहे. ‘यादीतील प्रत्येक लॉजपुढे आगाऊ रक्कम किती व कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत रद्द केल्यास ती परत मिळेल, हे दिले आहे. चर्चासत्र संयोजकांकडून पुढे ढकलले गेल्यास त्याच रकमेत नव्या तारखांना खोली देण्याचे या लॉजांनी मान्य केले आहे.’ दुसरी ओळ छापण्यापूर्वी गावातल्या चार लॉजवाल्यांना प्रत्यक्ष भेटावे लागेल. ते काम करण्यास आम्ही सहाजणी तयार आहोत.